काहिलीतली मळी

पाथर्डी,
रविवार, २४ जून १९७३

प्रिय मालन,

'प्रिय' लिहिलं खरं, पण हात रेटून लिहिलं. तुझं पत्र बुधवारी आलं. तुझ्या आबांना वाचून दाखवायचं वेगळं पान होतं, नव्या जागेचं कौतुक होतं, शाळेनं तुला भूगोलाची विभागप्रमुख केल्याची बातमी होती. मी खूश होऊन वाचत होते. मग ती 'गंमत' आली. शालान्त परीक्षेचे पेपर तपासताना खेड्यातल्या कुठल्याशा मुलीचं उत्तर तुझ्या हाती लागलं. हिमालय कसा झाला, या प्रश्नाला तिनं गुळाच्या काहिलीतली, उकळत्या रसावर येणारी मळी लिहिली आणि भूकंपाच्या कारणात उसाच्या गाड्या घातल्या. तू ते चहाच्या वेळी सगळ्या परीक्षकांना वाचून दाखवलंस. कुणी सद्गृहस्थ 'गुळाचा हिमालय' म्हणाले आणि हसून हसून तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. तू उत्तरावर तिरकी लाल रेघ ओढलीस आणि समासात भोपळा काढलास. वर मला विचारतेस, कुठून येतात गं ही मुलं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मालन. ती अजून उतरलेली नाही, म्हणून हे पत्र लिहायला चार दिवस थांबले. थांबून काही उपयोग झाला नाही.

कुठून येतात ते सांगते. ही इथून येते. माझ्या वर्गातून, खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावरून. तिचं नाव झुंबर. पेपरावर नाव नसतं हे मला ठाऊक आहे, पण हे उत्तर लिहिणारी दुसरी मुलगी महाराष्ट्रात नाही. आई-बाप दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. ही मावशीकडे राहून शिकली. गेलं दुष्काळाचं वर्ष कसं गेलं ते तू पुण्यात बसून वर्तमानपत्रात वाचलं असशील. झुंबर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची आणि तिथूनच वर्गात यायची, केसांत दगडाचा भुगा तसाच. भूगोल सोडून बाकी सगळे विषय ती बऱ्या गुणांनी पास झाली. भूगोलात त्या एका प्रश्नापायी गेली. आणि बापानं, रंभाजीनं, तिचं लग्न ठरवायला काढलंय. पुढच्या रविवारी सुपारी फुटायची आहे. तुमची गंमत इथे अशी येऊन पोचली.

आता तू मला सांग, त्या उत्तरात चूक काय होती? नमुना उत्तरात नव्हतं, एवढंच ना? पाठ्यपुस्तकात अजून तेच आहे. पृथ्वी निवत गेली, आकसली आणि सुकलेल्या फळासारख्या तिला सुरकुत्या पडल्या, त्या सुरकुत्या म्हणजे पर्वत. तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे, की आता हे कुणी शहाणा भूगर्भशास्त्रज्ञ बोलत नाही. पृथ्वीची साल अखंड नाहीच. तिचे मोठाले तुकडे आहेत. प्लेट म्हटलं की माझ्या मुलींना बशी दिसते, म्हणून मी भूपट्ट म्हणते. ते खालच्या तापलेल्या, अगदी सावकाश हलणाऱ्या थरावर सरकत असतात, नखं वाढतात तेवढ्या गतीनं. पर्वत, ज्वालामुखी, भूकंप, ही सगळी भानगड बहुतेक करून त्यांच्या कडांवर होते. दोन पट्टांच्या कडा एकमेकींशी कशा वागतात त्यावर सगळं अवलंबून असतं. झुंबरनं हेच लिहिलं होतं. तिनं फक्त गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी उभं राहून लिहिलं.

काहिलीत रस चढवला की जाळाच्या तोंडाकडून उकळी वर येते. जिथं ती वर येते तिथं मळीचा थर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंना सरकायला लागतो. मधे नवा रस उघडा पडतो. पट्ट जिथं एकमेकांपासून दूर जातात तिथं असंच होतं. अटलांटिक समुद्राच्या तळाशी उत्तर-दक्षिण लांबच लांब डोंगररांग आहे, तिच्या मधल्या फटीतून तप्त खडक वर येतो, निवतो, दोन्ही काठांना चिकटतो आणि समुद्राचा तळ रुंदावत जातो. सरकलेली मळी पुढे जाऊन दुसऱ्या मळीवर आदळते. एक थर पातळ असला तर तो जाड थराच्या खाली ओढला जातो. समुद्राचा तळ पातळ, पण वजनाला जड. तो खंडाच्या कडेखाली घुसतो, तिथं समुद्रात खोल चर पडतो, आणि घुसलेल्या भागाच्या वर, आत जमिनीवर, ज्वालामुखींची रांग पेटते. दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा बघ, जपान बघ. आणि दोन्ही थर जाड असले तर? मग कुणीच कुणाच्या खाली धड जात नाही. दोघं एकमेकांना रेटतात आणि मधे चुण्या पडून उंचवटा चढत जातो. आपला देश दक्षिणेकडून सरकत येऊन आशियाला भिडला आणि अजून रेटतोय, तो उंचवटा म्हणजे हिमालय. पोरीनं लिहिलं होतं, 'दोघांनाही बुडायचं नसतं म्हणून हिमालय झाला.' हे वाक्य तू चहाबरोबर वाचून दाखवलंस का गं? की तेवढं गाळलंस?

आता उसाच्या गाड्या. तिसऱ्या प्रकारात पट्ट दूरही जात नाहीत आणि आदळतही नाहीत. शेजारून एकमेकांना घासत उलट दिशांना जातात. तिथं नवी जमीन होत नाही, जुनी बुडत नाही, पण खडक खडकात अडकतो. ताण साठत जातो, वर्षानुवर्षं काही हलत नाही, आणि मग एका क्षणी सुटतं. कॅलिफोर्नियात अशी भेग आहे, तिच्यापायी एक अख्खं शहर जमीनदोस्त झालं होतं. वर्गात हा प्रकार मला कधी नीट सांगता यायचा नाही. काहिलीत तो दिसत नाही. मी दोन वह्या घासून दाखवायचे आणि मुली वह्यांच्या कव्हरांकडे बघत बसायच्या. मागच्या वर्षी झुंबर उठून म्हणाली, "बाई, कारखान्याच्या वाटंवर दोन गाड्या समोरासमोर आल्या ना, की मोळ्या मोळ्यांत गुततात. बैलं वढतच ऱ्हातात, गाडी हालत न्हाई. मंग येकदम सुटती आन असा हिसका बसतो, की वर बसल्याली मानसं खाली येत्यात." मी खडू खाली ठेवला. इतकं नेमकं मला इंग्रजी मासिकातही वाचायला मिळालं नव्हतं. बैल ओढत राहतात, गाडी हलत नाही, यातच सगळा भूकंप आला. लहानपणी ती आई-बापाबरोबर फडावर गेलेली आहे, अशा हिसक्यानं एकदा गाडीवरून पडून तिच्या हनुवटीला खोक पडली. तिची खूण अजून आहे. म्हणजे तुम्ही ज्याला हसलात ते तिनं अंगावर घेतलेलं आहे.

मी मुलींना परीक्षेत पुस्तकातलं लिहा असं बजावून सांगितलं होतं, तेव्हा माझ्यावर ढकलू नकोस. सगळ्यांनी माना डोलावल्या, हिनं नाही. म्हणाली, "पुस्तकातलं खरं न्हाई तर ल्ह्यायचं कशाला?" काय उत्तर देणार होते? तूही दिलं नसतंस. म्हणजे ज्या वेळची मालन मला माहीत आहे तिनं दिलं नसतं. आता विभागप्रमुख बाईंचं काही सांगता येत नाही.

निकालाच्या दिवशी झुंबर रडली नाही. मला म्हणाली, "कुटं चुकलं तेवढं सांगा." हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, की पुस्तकाबाहेरचं शिकवून तुम्ही एका गरीब मुलीचं वाटोळं केलंत. ते एक वेळ मी गिळलं. पण मी रंभाजीच्या घरी गेले तेव्हा खरी गोष्ट समजली. तो वाईट माणूस नाही. मुलगी पास झाली तर नगरच्या अध्यापिका विद्यालयात घालीन, असं त्यानं शाळेत चारचौघांत कबूल केलं होतं आणि त्यानं ते पाळलं असतं. आता त्याच्यापुढे एकच हिशेब आहे. मुकादम टोळीत एकटा गडी घेत नाही. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, अशा जोडीला एक कोयता म्हणतात. रंभाजीच्या मेव्हण्याचा मच्छिंद्र आता कामाला उभा राहिलाय, त्याला कोयता पुरा करायला बाईमाणूस हवंय. चातुर्मास बसला की लग्नं बंद, आणि चातुर्मास उठेपर्यंत टोळ्या निघून गेलेल्या असतात. म्हणून आत्ताच ही घाई. मच्छिंद्र गरीब पोरगा आहे, त्याच्यावर माझा राग नाही. मी म्हटलं, ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा आहे, झुंबर बसेल आणि पास होईल. तर रंभाजी म्हणाला, "बाई, तुमी शिकिवलं ते तिनं ल्ह्यालं आन परीक्षेवाल्यांनी चूक म्हनलं. म्हंजी चूकच. पुन्यांदा बसून पुन्यांदा तेच ल्हील, ती काय माझं ऐकती व्हय? बरूबर ल्ह्यालं आसतं आन तरी नापास केली आसती, तर गोष्ट येगळी हुती."

तुझं पत्र आल्यापासून मी या एका वाक्याला धरून बसले आहे. गोष्ट वेगळी आहे, मालन. ती वेगळी आहे हे जगात दोन माणसांना ठाऊक आहे, आणि त्यातल्या माझ्यावर आता कुणाचा विश्वास नाही. फेरतपासणीचा अर्ज केला तर फक्त बेरीज बघतात. भोपळ्यांची बेरीज त्यांना बरोबरच येणार.

तुला आपलं कॉलेजचं वसतिगृह आठवतं का? की ते पण पुसून टाकलंस? कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे सगळ्या मुली शाली लपेटून अंगणात उभ्या होत्या, कुणी स्तोत्र म्हणत होती, कुणी रडत होती. तू एकटी विचारत होतीस, की पण का झालं? पुढे आठवडाभर प्रत्येक प्राध्यापकाला तेच विचारून भंडावून सोडलंस. कोयना कुठल्या कडेवर नाही, तिचं कोडं वेगळं, पण त्या प्रश्नापायीच भूगोलाच्या सरांनी पुढल्या वर्षी भूपट्टांवरचा लेख असलेलं, बाहेरून आलेलं मासिक आपल्या दोघींच्या हातात ठेवलं. मी नगरच्या कारकुनाची मुलगी, सगळं शिक्षण घोकून झालेलं. मला त्यातलं अवाक्षर कळेना. आकृत्या बघून मी रडकुंडीला आले होते. तेव्हा तू खाणावळीतलं ताट पुढे ओढलंस, आमटीवर बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "अगं भागे, ही तर काहील आहे!" मी तोवर काहील पाहिलेली नव्हती. तू मला ती पूर्ण उभी करून दाखवलीस. जाळ कुठं असतो, उकळी कुठून फुटते, मळी कशी दुभंगते, पातळ मळी जाड मळीखाली कशी जाते. भेंडीचं पाणी टाकल्यावर मळी कशी वर येते तेही सांगितलंस, त्याचा विषयाशी काही संबंध नसताना, केवळ आनंदानं. आणि तिसऱ्या प्रकाराशी येऊन अडलीस. म्हणालीस, याला माझ्याकडे दाखला नाही, कधीतरी सापडेल.

सापडला होता. तुझ्या हातात लाल पेन्सिल होती आणि समोर तुझीच काहील, तुझ्याच शब्दांत, वर तू शोधत होतीस तो तिसरा दाखला तयार. दर वर्षी हा धडा घेताना मी वर्गात सांगते, की हे माझं नाही, माझ्या मैत्रिणीचं आहे, ती इथल्याच कोंडीराम गुळव्याची मुलगी, आता पुण्यात मोठ्या शाळेत आहे. झुंबरला तू न बघता माहीत होतीस. आणि तू ओळख दिली नाहीस. असं म्हणू नकोस की घाईत लक्षात आलं नाही. लक्षात आलं म्हणूनच तू ते मोठ्यानं वाचलंस. त्या टेबलाभोवती कुणालाही शंका येऊ नये, की मालनबाईंना काहील म्हणजे काय ते ठाऊक आहे. पुण्यात तू वडील बागाईतदार आहेत असं सांगतेस, हे मला केव्हाच कळलं होतं. मी कधी बोलले नाही. ज्याचं त्याला. पण तुझ्या बापानं राहुरीपासून कोपरगावपर्यंत दुसऱ्यांच्या गुऱ्हाळांवर धुरात डोळे घालवून तुला शिकवलं, त्या काहिलीवर तू भोपळा काढलास, त्यात एका मुलीचं आयुष्य गेलं तरी तुला चालतंय, आणि तू ते मला करमणूक म्हणून लिहून पाठवतेस? मला वाटलं होतं तू लाजतेस. लाजणं मी समजू शकते. हसणं मला समजत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. राग बाहेर काढायला लिहिलेलं नाही, राग माझ्याजवळच राहू दे. आबा दर वेळेसारखे बुधवारी काठी टेकत आले आणि ओसरीवर बसले. मी त्यांच्यासाठीचं पान वाचलं, मग ते म्हणाले, "दुसरं बी वाच की, लेकीचा आवाज ऐकल्यावानी वाटतं." मी पुढे वाचत गेले आणि तुझी गंमत काय आहे हे मला उमगेपर्यंत निम्मी वाचून झाली होती. काहील, मळी, हिमालय. तिथं मी पत्राची घडी घातली. आबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. म्हणाले, "काहिलीचं ल्ह्यालं पोरीनं? मंग मालनीनं वळखलंच आसंल. आपल्या चुलवानाचं हाय ते. पैकीच्या पैकी मार्क दिलं आसतील, न्हाई?" त्यांच्या डोळ्यांना आता माझा चेहरा दिसत नाही हे बरं झालं. मी हो म्हटलं. म्हटलं, ओळखलं, आबा, आणि सुपारीच्या रविवारी ती स्वतः येणार आहे, त्या पोरीच्या बापाला, रंभाजीला, तोंडानं सांगायला. ते त्याच पावली उठून रंभाजीकडे गेले आणि सांगून आले, की माझी लेक येतीय, तवर सुपारी फोडू नका. रंभाजी थांबलाय. परीक्षक कोण हे उघडं केलंस तर तुझं परीक्षकपण जाईल, कदाचित त्याहून जास्त जाईल, ते मला कळतं. शिवाजीनगरहून पहाटेची एस.टी. धरलीस तर दुपारच्या आत पोचशील. आबा सकाळपासूनच स्टँडवर जाऊन बसणार आहेत. मी त्यांच्याशी खोटं बोलले की खरं, ते आता तुझ्यावर आहे.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
भागिरथी